तो ओठ मिटून उभा होता

परिपाठाला मी मुलांच्या समोर कधी उभी राहिले नाही, नेहमी बाजूला उभी राहायची. बाजूनं पाहिलं की कोण रात्री नीट झोपलेलं नाही, कुणाच्या अंगात कणकण आहे, कोण घरून मार खाऊन आलंय, हे कुणी सांगावं लागत नाही. रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या पुढे कातळावर वसलेल्या एका वाडीतली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पटावर पंधरा मुलं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाला चिऱ्यांच्या चौथऱ्यात रोवलेला लोखंडी ध्वजस्तंभ. त्यापलीकडे गडगा आणि गडग्यापलीकडे हापूसची कलमं.

2015च्या डिसेंबरात एका सकाळी त्या बाजूच्या जागेवरून मला दिसलं, की रांगेतल्या शेवटच्या मुलानं प्रतिज्ञेसाठी हात पुढे केलाय, पण त्याचे ओठ मिटलेले आहेत. राष्ट्रगीताची चाल त्यानं धरली होती. साने गुरुजींची प्रार्थना तर तो खड्या आवाजात म्हणाला होता. प्रतिज्ञा सुरू झाली आणि तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच.

मुलगा नेपाळचा. आंब्याला मोहोर धरायची वेळ आली की आमच्याकडचे बागायतदार राखणीला नेपाळी कुटुंबं ठेवतात. वानरांना हाकलायचं, रात्री बॅटरी घेऊन फिरायचं, फवारणीला हात लावायचा, अशी सगळी कामं ही माणसं करतात. मोसम संपला की काही गावी जातात, काही मासेमारीच्या होड्यांवर खलाशी म्हणून जातात, काही इथेच राहतात. त्या वर्षी गडग्याला लागून असलेल्या बागेत असं एक कुटुंब आलं आणि त्यातला नऊ वर्षांचा मुलगा मी शाळेत दाखल करून घेतला. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाचं 'प्रत्येक मूल' असे शब्द आहेत. ते मूल कुठल्या देशाचं, असं तो कायदा विचारत नाही. वयानुसार त्याला चौथीत बसवला.

चौथ्या दिवशी मी त्याला रांगेतून बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर. "प्रतिज्ञा पाठ नाही का रे?" त्यानं मान हलवली, पाठ आहे म्हणून. "मग म्हणत का नाहीस?" तो काही बोलेना. मी आवाज चढवला. तेव्हा जमिनीकडे बघत तो म्हणाला, "बाई, मेरा देश तो नेपाल है."

मुलं हसली. मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही आणि उत्तर न सुचलेला शिक्षक जे करतो तेच मी केलं. "शाळेत आलास ना, मग सगळे म्हणतात ते म्हणायचं," असं सांगून त्याला परत रांगेत पाठवलं. त्यानंतर तीन दिवस तो शाळेत आला नाही.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गडगा ओलांडून बागेत गेले. पत्र्याच्या खोपीबाहेर त्याचा बाप उभा होता. मला बघून तो हात जोडूनच पुढे आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, गलती हो गयी. बोल देगा. आप जो बोलोगे, सब बोल देगा." मुलगा खोपीच्या दारात उभा राहून ऐकत होता.

परत येताना ते 'सब बोल देगा' माझ्या कानातून जाईना. अठ्ठावीस वर्षं मी मुलांकडून रोज प्रतिज्ञा म्हणवून घेत होते. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर उभी राहिलेली किती मुलं मनापासून म्हणत होती आणि किती नुसतं 'सब बोल देगा' करत होती, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. ज्याला शब्दांचा अर्थ कळला होता तो एकटा गप्प राहिला होता आणि मी शिक्षा त्याला केली होती. आपला देश सोडून दुसऱ्या देशाला 'माझा देश' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. उद्या आपलं एखादं मूल परदेशी शाळेत असंच गप्प उभं राहिलं, तर आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवू.

त्या रविवारी रत्नागिरीत मावसभावाकडे गेले होते. तो कोर्टात वकिली करतो. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "ताई, हा निकाल 1986 सालीच लागलाय," आणि त्यानं मला केरळमधल्या तीन भावंडांची हकिगत सांगितली.

एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. एक भाऊ, दोन बहिणी. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातली. राष्ट्रगीत सुरू झालं की ती उठून आदरानं उभी राहायची, पण आपल्या श्रद्धेपोटी गायची नाहीत. वर्षानुवर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग एका आमदारानं ते पाहिलं आणि विषय विधानसभेत गेला. चौकशी झाली, तिच्यात मुलं शिस्तीची आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही, असं निघालं. तरीही वरून आदेश आला आणि जुलै 1985मध्ये मुख्याध्यापिकेनं तिघांना शाळेतून काढून टाकलं. उच्च न्यायालयात ती हरली. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी निकाल दिला, की राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभं राहणं हा आदरच आहे, गायलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही आणि मुलांना काढणं हा त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. मुलांना परत घ्या, असा आदेश झाला. 1971चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदाही ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांचा अपमान करणाऱ्याला शिक्षा सांगतो. गप्प उभं राहणाऱ्याबद्दल त्यात काही नाही आणि प्रतिज्ञेचा तर उल्लेखही नाही.

अमेरिकेतही हेच झालं होतं, असं तो म्हणाला. ऐन महायुद्धात, 1943 साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की शाळेत ध्वजाला वंदन करण्याची आणि निष्ठेची प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती मुलांवर करता येणार नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयानं उलटा निकाल दिला होता, तो त्यांनी स्वतःच मोडीत काढला.

मला राहून राहून त्या केरळच्या मुख्याध्यापिकेची आठवण येत राहिली. तिचं नाव मला माहीत नाही. तिला वरून कागद आला आणि तिनं सही केली. मीही मुख्याध्यापिकाच होते. मला तर कागदही आला नव्हता.

सोमवारी मी त्या मुलाला परत आणला आणि रांगेत उभा राहिल्यावर सगळ्यांना सांगितलं, की याचा देश नेपाळ आहे, म्हणून प्रतिज्ञेच्या वेळी हा आपल्यासोबत उभा राहील. तेवढं पुरे आहे. त्यावर तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आपण काय म्हणतो?"

तिच्या प्रश्नावरून पुढचे दोन महिने आमचा एक नवाच तास सुरू झाला. आठवड्याला प्रतिज्ञेचं एक वाक्य घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात कळलं, की 'पाईक' हा शब्द पंधरातल्या एकालाही माहीत नाही. एक जण चक्क 'पाईप' म्हणत होता आणि वाडीत नळपाण्याचं खोदकाम चालू असल्यामुळे त्याला ते पटलेलंही होतं. पाईक म्हणजे पायी चालणारा शिपाई, सेवा करणारा, असं सांगून काही समजेना. मग म्हटलं, शिमग्याला पालखी येते तेव्हा खांदा कोण देतं? नाचवतं कोण, तिला खाली पडू देत नाही कोण? परंपरेला असा खांदा देणारा तो पाईक. लगेच समजलं. 'नटलेल्या' हा शब्द त्यांना नमनातल्या गौळणीमुळे ठाऊक होताच. मग विविधता कुठे आहे ते शोधायला आम्ही वाडीतच फिरलो. फळ्यावर यादी झाली. कुणब्यांची घरं, बौद्धवाडी, खाडीपलीकडचा मोहल्ला आणि त्यांची बोली, चिरेखाणीवर विजापूरकडून आलेली माणसं आणि त्यांची कानडी, बागेतली नेपाळी. दोन-तीन किलोमीटरांत इतकी. मोहल्ल्यात उर्दू शाळा आहे आणि तिथल्या पुस्तकात हीच प्रतिज्ञा उर्दूत छापलेली असते, हेही मुलांना तेव्हाच कळलं.

सौजन्य या शब्दावर सगळ्यात जास्त दिवस गेले. शेवटी पाचवीतल्या मुलीनं सांगितलं, "कुणाला त्याच्या बोलण्यावरून चिडवायचं नाही." आमच्या नेपाळी मुलाला 'ळ' म्हणता येत नसे, 'शाला' म्हणायचा आणि पोरं त्याला घेरून चिडवायची. ते चिडवणं लगेच थांबलं असं मी म्हणणार नाही, पण कमी झालं. आणि चिडवणाऱ्याला दुसरी पोरं 'सौजन्य रे' म्हणून ओरडू लागली.

एकानं विचारलं, ही प्रतिज्ञा लिहिली कुणी? पुस्तकात नाव नव्हतं आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. शोधल्यावर सापडलं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव. आत्ताच्या तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातले, सरकारी कोषागारात अधिकारी. 1962 साली विशाखापट्टणमला नोकरीत असताना त्यांनी ती तेलुगूत लिहिली. आधी तिथल्या शाळांमधून ती म्हटली जाऊ लागली. 1964 साली बंगळुरूला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीत ती देशभरच्या शाळांसाठी ठरली आणि 26 जानेवारी 1965 पासून सगळीकडे सुरू झाली. आपली प्रतिज्ञा इतकी पसरली आहे हे सुब्बारावांना बराच काळ माहीत नव्हतं आणि नातीच्या पुस्तकातून ते कळलं, असं सांगतात. मी मुलांना एवढंच सांगितलं, की ही कुणा राजानं लिहिलेली नाही. आपल्या तहसील कार्यालयाशेजारच्या ट्रेझरीत जसे साहेब बसतात, तसल्या एका माणसानं ती लिहिली, आपल्याला न येणाऱ्या भाषेत. मुलांना ते फार आवडलं.

एका शनिवारी सकाळच्या शाळेत त्या मुलाला म्हटलं, तुझ्या देशाबद्दल सांग. त्यानं खडू घेतला आणि फळ्यावर झेंडा काढला. एकावर एक दोन त्रिकोण, वरच्यात चंद्र, खालच्यात सूर्य. जगातला हा एकच राष्ट्रध्वज चौकोनी नाही, हे मी मुलांना सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मग त्यानं विचारलं, "गाना सुनाऊँ?" आणि नेपाळचं राष्ट्रगीत म्हणायला लागला.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण चौदाही मुलं आपापल्या जागेवर उठून सावधान उभी राहिली. एकालाही त्यातला शब्द येत नव्हता. कुणी गायलं नाही, ओठ हलवले नाहीत, फक्त हात बाजूला ठेवून सरळ उभी राहिली. एका नऊ वर्षांच्या मुलाच्या देशाला त्यांनी मान दिला, तोही न गाता. निकालपत्रातली जी गोष्ट समजून घ्यायला मला वकिलाची गरज लागली, ती पोरांनी स्वतःहून करून दाखवली.

त्यानंतर काही दिवसांनी मला बाजूच्या जागेवरून दिसलं, की प्रतिज्ञेच्या शेवटाकडे त्याचे ओठ हलताहेत. नीट ऐकलं. देश ज्या वाक्यांत येतो ती वाक्यं तो सोडून देत होता. पालक, गुरुजन, वडीलधारे यांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्यानं वागेन, एवढं वाक्य मात्र मोठ्यानं म्हणत होता. काय म्हणायचं आणि काय नाही, हे त्याचं त्यानं ठरवलं होतं. मी त्याला काही विचारलं नाही.

2016च्या प्रजासत्ताक दिनाला आम्ही ध्वजसंहितेत दिलेली रचना केली. भारतीय ध्वजसंहिता 2002 साली लागू झाली. तिच्यात शाळांसाठी नमुना दिला आहे: तीन बाजूंना मुलं, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ, त्यामागे तीन पावलांवर मुख्याध्यापक. तो नमुना मार्गदर्शनासाठी आहे, असं तिथेच लिहिलंय. आदल्या दिवशी साध्या पंचाची घडी घालून गाठ बांधायची तालीम मी दरवर्षी घ्यायची, कारण झेंडावंदनाच्या दिवशी मुख्याध्यापकाच्या पोटात जो गोळा असतो तो गाठीचा असतो. दोरी अडकली तर? केशरी खाली गेला तर? आमच्या एका सहकाऱ्याला अशाच गडबडीसाठी 'कारणे दाखवा' नोटीस आली होती. पुढची कित्येक वर्षं ते गृहस्थ झेंड्याकडे मान वर करून बघू शकले नाहीत, डोळे सतत दोरीवर. झेंड्याची अशी भीती बसणं हे झेंड्याचंच नुकसान आहे.

त्या दिवशी गाठ एका झटक्यात सुटली, झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी सलामी दिली, खाऊ वाटला. दुपारी गाव पांगलं. पण झेंडा सूर्यास्तापर्यंत उतरवायचा, असा तेव्हा नियम होता आणि माझी एसटी त्याच्या बरीच आधी. दरवर्षी हे काम पोषण आहार शिजवणाऱ्या काकी करायच्या. शाळेची पायरी त्या लहानपणी चढल्या नव्हत्या. त्या वर्षी मी मुद्दाम थांबले.

ऊन कलल्यावर काकी आल्या. पायांतल्या चपला अंगणाबाहेर काढल्या, हात धुतले, पदर खोचला आणि दोरी सोडायला लागल्या. गडग्यावरून तो मुलगा उडी मारून आला. त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं. काकी म्हणाल्या, "धर रे बाबू, जमिनीला लावू नको." दोघांनी झेंडा आडवा धरला. केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली घातला, मग दोन्ही टोकं आत घेतली, वर फक्त चक्र राहिलं. काकींनी ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन कपाटापर्यंत नेली. मुलगा शेजारून चालत होता, झेंडा पडलाच तर झेलायला हात खाली धरून.

पुढे माझ्या नोकरीत परिपत्रकं येतच राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी 2018मध्ये तेच ऐच्छिक केलं. 2020च्या 26 जानेवारीपासून शाळांत संविधानाची उद्देशिका वाचणं अनिवार्य झालं. 2023च्या शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीपासून, राज्यगीत आलं. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. राज्यगीत लागलं की माझ्याही अंगावर काटा येतो आणि उद्देशिका तर मी वाचायचे तेव्हा माझा आवाज भरून यायचा. पण परिपाठ वीस-पंचवीस मिनिटांचा. राष्ट्रगीत बावन्न सेकंद, राज्यगीत एक मिनिट एकेचाळीस सेकंद, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना. सगळं 'झालं' अशी नोंद होते आणि अर्थ सांगायला कुणाकडे वेळ उरत नाही.

2022च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला. पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता. आमच्याकडचा ऑगस्ट म्हणजे पावसाची झड. सोळा तारखेनंतर कित्येक झेंडे ओले, फाटलेले तसेच लोंबत राहिले. मुलांनी आपणहून घरोघर जाऊन ते गोळा केले, धुतले, वाळवले. जे अगदीच फाटले होते ते संहितेत सांगितलंय तसे, गाजावाजा न करता, आम्ही मागच्या परसात सन्मानानं जाळले. त्याचा फोटो कुणी मागितला नव्हता आणि आम्ही काढलाही नाही. त्या मुलांना झेंडा कळला आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

मी मे 2023मध्ये निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या आणि पुढे येणाऱ्या बाईंना, गुरुजींना माझं कळकळीचं सांगणं आहे. झेंडा लावा, प्रतिज्ञा म्हणवून घ्या, पण आधी शिकवा. वाक्य वाक्य घ्या, घाई करू नका. आणि रांगेत एखादं मूल ओठ मिटून उभं दिसलं, तर त्याला बाहेर ओढू नका. त्याच्याजवळ जा, हळूच विचारा. आपलं सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूला उभं आहे. आणि प्रतिज्ञेतलं सौजन्य 'प्रत्येका'शी आहे. त्या शब्दात कुणाला वगळलेलं नाही.

2016च्या जूनमध्ये, आंबा संपल्यावर, त्या कुटुंबानं बाग सोडली. बाप दाखला न्यायला आला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं. राष्ट्रीयत्व: नेपाळी. वर्तणूक: उत्तम.